बस वस्तीत येत नाही, बाकी छान

ज्या दिवशी मला बढती मिळाली त्याच दिवशी माझ्या हातातून कोड काढून घेतला. म्हणजे कोड जागेवरच होता, मला तो उघडून वाचता येत होता, पण त्यातली एक ओळ बदलायची परवानगी राहिली नव्हती. इतकी वर्षं रोज त्यात हात घातले होते. सर म्हणाले, "आता तू प्रॉडक्ट मॅनेजर. काय बनवायचं ते तू ठरव, बनवतील बाकीचे." मीही खुळ्यासारखी हसले. संध्याकाळी गाडीतून केडगावला उतरल्यावर पेढे घेतले, सासरी वाटले आणि रविवारी नदी ओलांडून माहेरी घेऊन गेले.

माझं माहेर शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला. गावात नाही, वस्तीवर. डांबरी रस्त्याच्या फाट्यावरून कच्च्या वाटेनं आत जायचं, दोन्ही अंगाला ऊस, मग आमचं आणि भाऊबंदांचं मिळून मूठभर घरं. आईनं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "म्हंजी आता काय करायचं तू?"

"काय काम करायचं ते लोकांना सांगायचं."

"आन् ती ऐकत्यात व्हय?"

"ऐकलंच पाहिजे असं काही नाही. ती माझ्या हाताखाली नाहीत."

"आगं मग साहेबीण कसली तू!"

आप्पा तिच्यावर खेकसले, "गप ए, तुला काय कळतंय त्यातलं." मी पण हसण्यावारी नेलं. पुढच्या वर्षभरात कितीतरी मीटिंगांमध्ये मान खाली घालून बसले असताना मला आईचं ते वाक्य आठवायचं आणि तिचाच राग यायचा.

आमची कंपनी पुण्यातली. माझ्या गळ्यात जे ॲप पडलं ते कारखान्यांच्या बसचं होतं. रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला माणसं आणणाऱ्या बस असतात ना, त्यांचं. बस कुठवर आली ते कामगाराला मोबाइलवर दिसावं, आणि बस ठरलेल्या रस्त्यानं वेळेवर जाते का ते कारखान्याला दिसावं, एवढंच काम. मलाच का दिलं, तर म्हणे, "तू तिकडचीच आहेस, तुला लोकांचं बरोबर कळेल." मला वाटलं, चला, कधी नव्हे ते आपल्या गावंढळपणाचं कुणीतरी चीज केलं.

त्या बसमधून माझी वहिनी जायची.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बारावी झालेली, हाताला चलाख, पण आमच्या घरी आल्यापासून गोठा आणि चूल यापलीकडं तिला कुणी विचारलं नव्हतं. रांजणगावात गाड्यांच्या वायरी बांधायच्या कारखान्यात बायका घेतायत असं कळलं तेव्हा तिनं पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागितलं. आईचा नन्नाचा पाढा. कारण एकच, ऊस. आमच्याकडं उसात बिबट्या असतो, ही काही बातमी नाही. कुत्री जातात, शेळ्या जातात, आणि पहिल्या शिफ्टला उजाडायच्या आत फाटा गाठावा लागतो. दादाच्या मोटरची लाईट नेमकी त्याच वेळेला असायची, म्हणून तो पाणी द्यायला रानात. मग सोडायला कोण जाणार?

हा तिढा सोडवला तो बसच्या ड्रायव्हरनं. त्यांना सगळे मामा म्हणतात. ते आईला म्हणाले, "मावशी, मी गाडीच दारात आणतो की. तुम्ही काय काळजी करू नगा." आणि खरंच आणायचे. पहाटे कच्च्या वाटेनं डुलत डुलत बस आमच्या अंगणात यायची, कडब्याच्या गंजीपाशी वळायची, हॉर्न वाजायचा, आजूबाजूच्या घरांतल्या बायकाही आमच्याच ओट्यावर जमलेल्या असायच्या. आई दारात उभी राहून सगळ्या चढल्या का बघायची. हे कुणाला विचारून केलेलं नव्हतं आणि कुणाचं त्यात काही गेलंही नव्हतं.

वहिनीचा आवाजच बदलला हो त्या नोकरीनं. आधी ती पदर तोंडाशी धरून बोलायची. आता जेवायला वाढताना सांगायची, आज नव्या पोरींना कसं शिकवलं, कुणाच्या वायरी परत आल्या, सुपरवायझर काय म्हणाला. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नका एवढ्यात. दिवाळीनंतर मला लाईन लीडर करायचं म्हनत्यात." मी तिला मिठीच मारली. ती एवढी लाजली, की बादली घेऊन उगीचच गोठ्यात निघून गेली.

ॲप सुरू व्हायच्या आधी कारखान्याच्या वाहतूक अधिकाऱ्यांबरोबर बैठक झाली. मी आडून आडून विचारलं, काही बस मुख्य रस्ता सोडून आत वस्त्यांवर जात असतील तर काय करायचं? ते म्हणाले, "जात असतील तर बंद होतील. त्यासाठीच तर ॲप घेतोय आम्ही." मामांचं नाव घेतलं असतं तर त्यांच्या पोटावर पाय आला असता. बाहेर आल्यावर मी सरांना सांगितलं, हा नियम घातक आहे. सर म्हणाले, "असेल. पण वाटतं म्हणून चालत नाही. लोकांशी बोल, तक्रारी आण, मग मी भांडतो तुझ्यासाठी."

मग काय, ॲप सुरू होऊन थोडे दिवस गेल्यावर मी वही-पेन घेऊन, ऑफिसच्या कामावर म्हणून, माहेरच्या वस्तीवर गेले. जगात कुणी अशी मुलाखत घेऊ नये. अंगणात सतरंजी अंथरलेली, पोहे केलेले, शेजारच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. मी म्हटलं, काय त्रास होतोय तो सांगा, मोकळेपणानं सांगा, मी त्यासाठीच आले. एकजात सगळ्या म्हणाल्या, "लई भारी हाय! गाडी कुठं आली ते बरूबर दिसतंय." एक म्हातारी तर म्हणाली, "आमच्या पोरीनं नाव काढलं." तिच्याकडं साधा फोनसुद्धा नव्हता.

मी वहिनीला आत चुलीपाशी गाठून विचारलं, "खरं सांगा. मामा आत येतात ना अजून?"

"येत्यात की," ती म्हणाली आणि कढईतले पोहे हलवत राहिली.

मी परतल्यावर आप्पांनी वर कहर केला. आप्पांनी आयुष्यभर सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल चालवलंय, माणसं गोळा करून एका ठिकाणी शिक्का मारून घेणं हे त्यांच्या हाडामांसात मुरलेलं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की ॲपला स्टार देता येतात. झालं! घरोघर फिरले, फाट्यावरच्या हॉटेलात बसले, "आपल्या लेकीचं हाय, पाचच्या पाच दाबा" असा प्रचार केला. ज्यांच्या घरातलं कुणी बसनं जात नाही त्यांनीही ॲप घेऊन, आमचा मार्ग निवडून पाच दाबले. आमच्या मार्गाला असे स्टार पडले की ऑफिसात सगळे चाट पडले. सरांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नागपंचमीला मी माहेरी राहिले. पहाटे भांड्याच्या आवाजानं जाग आली. स्वयंपाकघरात उजेड होता, वहिनी डबा भरत होती आणि आई बॅटरी हातात घेऊन उभी. मी हॉर्नची वाट बघत पडून राहिले. हॉर्न वाजला नाही. त्याऐवजी वहिनीच्या मोबाइलवर मोठ्यानं गाणी लागली, अगदी लग्नाच्या वरातीतली, आणि अंगणात कुणीतरी स्टीलच्या ताटावर चमचा बडवू लागलं. मी धडपडत बाहेर आले.

"गाडी कुठंय?"

आईनं वहिनीकडं बघितलं. वहिनीनं जमिनीकडं.

मी तशीच चप्पल अडकवून त्यांच्याबरोबर निघाले. ऊस डोक्याच्या वर गेलेला. पुढं एक बाई ताट बडवतेय, मधल्या बायका मोबाइलच्या उजेडात पाय टाकतायत, मागं आई बॅटरी फिरवतेय, आणि त्या वरातीच्या गाण्यावर कुणी हसत नाही की बोलत नाही. कुठं उसाचं वाळलं पाचट वाजलं की सगळ्या थांबायच्या. मी लहानपणापासून त्या वाटेनं गेलेली, पण असं जीव मुठीत धरून कधी गेले नव्हते.

फाट्यावर मामा बसमधून उतरले. मला बघून त्यांनी टोपी काढली, परत घातली. "ताई, मी दोनदा आत आणली ओ. दोन्ही बारीला वर मेसेज गेला. आता परत आणली तर गाडीच काढून घेऊ म्हनले." मग मला वाईट वाटू नये म्हणून असावं, म्हणाले, "पन तुमच्या ॲपला लगीच समजतंय बगा. लई हुशार हाय."

मी वहिनीचा दंड धरला. "मला खोटं का सांगितलंत?"

"ताई, तुम्ही माहेराला येता," ती म्हणाली. "आल्या आल्या तुमच्यापुढं रडगाणं गायचं का? त्यात तुमचंच काम ते. आपल्याच मानसाच्या कामाला नावं कशी ठेवायची?" बस सुरू झाली. ती चढली, खिडकीतून वाकून ओरडली, "पन मी लिवलंय की त्याच्यात!"

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी ते शोधलं. सापडलं. पाच स्टार, आणि खाली एक ओळ. बस वस्तीत येत नाही, बाकी छान.

आमच्याकडची पद्धत अशी होती, की कमी स्टारवाल्यांनी लिहिलेलंच कुणीतरी वाचायचं. पाच स्टारवाल्यांना मशीन परस्पर उत्तर पाठवायचं, आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. वहिनीला ते उत्तर गेलं होतं. तिला वाटलं असणार की पोचलं, आता होईल काहीतरी. ती वाट बघत होती बिचारी.

मी सरांच्या समोर त्या ओळीचा फोटो ठेवला. सरांनी वाचला, मान हलवली. वाईट माणूस नाही तो. पण बैठकीत वाहतूक अधिकारी पडद्यावर होते, त्यांनी आमच्या मार्गाचे स्टार काढून दाखवले. "सगळ्यात खूश लोक याच मार्गावर आहेत. मग अडचण कुठं आहे?"

"ते स्टार माझ्या वडिलांनी गोळा केलेत," मी म्हटलं.

सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी परत सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, ऊस, बिबट्या, ताट बडवत जाणाऱ्या बायका. मग अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण धोरण मुख्य रस्त्याचं आहे. अपवाद धरायची सोय तुमच्या ॲपमध्येच नाही." हे मात्र खरं होतं.

ती सोय केवढी होती सांगू? मार्गाला एक जास्तीची वाट जोडायची आणि त्या वाटेवर गेलेल्या बसला चुकलेली धरायचं नाही. कोणत्या फाइलमध्ये, कुठं, ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं, कारण त्यातलं अर्धं मीच लिहिलेलं. मी माझ्या जुन्या टीमच्या प्रमुखाकडं गेले. आम्ही एका टेबलावर डबे खाल्लेले. म्हटलं, दुपारभराचं काम आहे रे. तो म्हणाला, "तुला माहितीये मी नाही म्हणत नाही. पण आमच्यापुढं जे काम ठेवलंय ते दिवाळीपर्यंतचं आहे. सरांना सांगून हे यादीत वरती घे." सर म्हणाले, "कारखान्यानं मागितलं तर वरती घेऊ." कारखाना म्हणाला, ॲपमध्ये सोय झाली तर विचार करू. मी म्हटलं, मला एक दिवस कोडची परवानगी द्या, मी स्वतः करते. सर समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "असं नाही करता येत. तू आता प्रॉडक्टला आहेस." मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले. एवढी घोडी झालेली बाई, पण दुसरं काही सुचलं नाही.

शेवटी मी आप्पांना फोन केला. म्हटलं, लोकांना सांगा, स्टार कमी करा, एकच ठेवा आणि खरं काय ते लिहा.

"तुला नापास करायला सांगतीस मला? फिरून घरोघर?"

"आप्पा, मला नाही, ॲपला. त्यानं मदत होईल."

"न्हाई जमायचं. आपन हात जोडून मागितलेलं मत आपनच परत घ्या म्हनायचं? गावात तोंड कुठं दाखवू मी? आन् उद्या तुझ्या साहेबानं तुलाच घालवली म्हंजी?" मी चिडले, वाट्टेल ते बोलले. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तू जेव नीट. आवाज खाली गेलाय तुझा."

मग व्हायचं ते झालं. पहाटे जाताना बायकांना वाटेवर बिबट्या आडवा गेला. काही केलं नाही त्यानं, आला तसा पलीकडच्या उसात शिरला. पण ताट बडवणारी बाई जागेवर बसली ती उठेचना, तिला दोघींनी धरून घरी आणलं. त्याच दिवशी आईनं वहिनीला सांगितलं, आता बास. आईला कोण काय बोलणार? मी तरी काय तोंडानं सांगणार होते की पाठव म्हणून? बाकीच्या घरांतूनही तेच झालं. वहिनी रडली नाही, भांडली नाही. कारखान्याचा निळा कोट धुऊन, घडी करून तिनं सुपरवायझरकडं परत पाठवून दिला. दिवाळी अजून यायची होती.

दिवाळीनंतर आमच्याकडं ती सोय झाली. वाहतूक अधिकाऱ्यांनाच हवी होती, कारण दौंडकडच्या मार्गावर पुलाचं काम निघालं आणि त्यांच्या सगळ्या बस चुकलेल्या दिसू लागल्या. मग काय, कारखान्यानं मागितलं, सरांनी वरती घेतलं, टीमनं खरोखर दुपारभरात केलं. टाळ्या वाजल्या. मी लगेच आमच्या वस्तीचं नाव पुढं केलं. अधिकारी म्हणाले, "हो हो, करू की. जिथं माणसं चढतात तिथली प्रत्येक वाट धरू." मग त्यांनी यादीत शोधलं आणि म्हणाले, "पण मॅडम, इथून तर एकही कामगार येत नाही."

मी सांगितलं, बस येत नव्हती म्हणून बंद झालेत ते. बस पाठवा, येतील. ते म्हणाले, "आधी कामावर येऊ द्या, मग बस देऊ. रिकाम्या वस्तीवर गाडी कशी पाठवायची?" मी सरांकडं बघितलं. सर कागदाकडं बघत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी वहिनीचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात होते. तिचा आवाज तोच, नोकरीतला, मोकळा.

"ताई, झालं की ओ तुमचं काम! मामा बाजारात भेटले. म्हनले, आता आत गाडी न्यायची परवानगी आली, ताईंनी करून घेतली. मी आईंना इचारलं, त्या बी व्हय म्हनल्या. सुपरवायझरला फोन लावू का? घेतो म्हनला व्हता तो, गाडीची सोय झाली तर."

मी भिंतीला टेकले. माझं अख्खं काम म्हणजे लोकांना नाही कसं सांगायचं तेच की. शिकवतात ते आम्हाला. त्यातला एकही शब्द मला सापडला नाही.

"वहिनी, ती परवानगी दुसरीकडची आहे. आपली वस्ती नाही धरली त्यांनी. तिथून आता कुणी कामाला जात नाही, म्हणून."

"पन गाडी येत न्हवती म्हनून तर आमी ऱ्हायलो ना घरी?"

"हो."

"मग?"

मागं गोठ्यात म्हैस ओरडत होती. आई कुणालातरी हाक मारत होती. मी नुसती फोन कानाला धरून उभी राहिले. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं असावं की उत्तर येणार नाही.

"बरं, असू द्या," ती म्हणाली. आवाज पुन्हा पदराआड गेल्यासारखा बारीक झाला होता. "तुम्ही जेवलात का?"

"जेवले," मी म्हटलं.